हाउसस्टेड्सच्या टाक्याचा काठ

हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला पाहायला येणारे बहुतेक लोक गाडीतळापासूनची अर्ध्या मैलाची चढण संपवली की न थांबता थेट वरच्या टोकाला जातात. वर हेड्रियनची भिंत आहे, भिंतीपलीकडे उत्तरेचा मोकळा मुलूख पसरलेला आहे आणि वारा असा असतो की डोळ्यांतून पाणी यावे. पहिल्या भेटीत मीही तेच केले होते. या वेळी आई सोबत होती. चढण चढून तिचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून वर न जाता आम्ही तटाच्या दक्षिणेकडच्या, खालच्या अंगाने हळूहळू चालत आग्नेय कोपऱ्यात पोहोचलो आणि तिथल्या एका दगडी टाक्याजवळ ती विसावली. किल्ला आम्ही तिथून, म्हणजे सर्वांत खालच्या बिंदूपासून, पाहायला सुरुवात केली. हा किल्ला असाच पाहावा असे माझे आता ठाम मत झाले आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थंबरलँड परगण्यात, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये हे अवशेष आहेत. सम्राट हेड्रियन इसवी सन 122मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत बांधण्याचे काम सुरू झाले. दर रोमन मैलाला एक छोटी गढी आणि दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणी बुरूज अशी मूळ आखणी होती. काम सुरू झाल्यावर मात्र बेत बदलला आणि मोठे किल्ले थेट भिंतीवरच आणायचे ठरले. हाउसस्टेड्स हा त्या बदललेल्या बेतातला किल्ला आहे, आणि तो बदल इथे जमिनीवर प्रत्यक्ष दिसतो. किल्ल्याच्या उत्तर तटाच्या आतल्या बाजूला एका बुरुजाचा चौकोनी पाया उघडा पडलेला आहे. आधी बुरूज उभा राहिला, मग वरून नवा हुकूम आला, बुरूज पाडला गेला आणि त्याच्यावरून किल्ला पसरला. ज्यांनी तो बुरूज रचला असेल, त्यांच्याच हातांनी तो उतरवला गेला असेल काय, हा प्रश्न मला त्या पायाजवळ उभे असताना प्रत्येक वेळी पडतो.

किल्ला म्हटले की उंच बुरूज आणि नागमोडी तट आपल्या डोळ्यांसमोर येतात. रोमन किल्ल्याची रचना निराळी असते. कोपरे गोलसर केलेला एक लांबट चौकोन, चार बाजूंना चार दरवाजे, आत सरळ रेषेत आखलेले रस्ते, मधोमध सेनाकचेरी, तिच्या आजूबाजूला सरदाराचा वाडा आणि धान्यकोठारे, आणि उरलेल्या जागेत सैनिकांच्या बराकींच्या रांगा, असा हा ठरीव नकाशा आहे. हाउसस्टेड्सचे क्षेत्र सुमारे दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर भरते. आज भिंती कुठे गुडघ्याइतक्या, तर कुठे छातीइतक्या उरल्या आहेत. पण जोती इतकी स्वच्छ दिसतात की दारातून आत जावे, खोली ओलांडावी आणि दुसऱ्या दाराने बाहेर यावे, असे चालत सगळा किल्ला फिरता येतो. ही आखणी सपाट जमिनीसाठी केलेली होती. इथे ती दक्षिणेकडे उतरत जाणाऱ्या लांब कड्यावर बसवावी लागली, त्यामुळे इमारतींच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी जमीन तासावी लागली आणि सगळा किल्ला उत्तरेकडून दक्षिणेकडे कललेला राहिला. हा कल लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच उलगडते.

टाक्याच्या काठावर हात ठेवून आईने विचारले, "इतक्या उंचावर हे लोक पाणी कुठून आणायचे गं?"

पहिल्या भेटीत मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. किल्ल्यात वाहते पाणी नाही. नॅग बर्न नावाचा ओढा आहे, पण तो पूर्वेला तटाबाहेर, खालच्या घळीत आहे. सुमारे आठशे माणसांच्या शिबंदीने रोजचे पाणी तिथून वाहून आणणे अशक्य नसले तरी फार कष्टाचे होते. म्हणून इथे पावसाचे पाणी साठवत. छपरांवरून आणि रस्त्यांच्या कडेच्या पन्हळींतून येणारे पाणी तटालगतच्या दगडी टाक्यांत जमा होई, आणि किल्ला दक्षिणेकडे उतरता असल्यामुळे जास्तीचे पाणी आपोआप या आग्नेय कोपऱ्याकडे येई. आई ज्या टाक्याजवळ बसली होती ते असेच आहे. मोठ्या घडीव दगडी फळ्या उभ्या करून, एकमेकींना जोडून आणि सांध्यांत शिसे ओतून ते पाणी न झिरपेल असे केलेले होते. त्याचा काठ मात्र आता सरळ नाही. ठिकठिकाणी दगड आत झिजून गुळगुळीत खोलगट झाला आहे. सैनिक इथे हत्यारांना धार लावत असावेत असे काही अभ्यासक मानतात, तर कपडे आपटून-घासून काठ झिजला असावा असे इतरांना वाटते. आईने तळहात त्या खोलगट भागात ठेवला. तो तिथे बरोबर बसला. "धार लावायला माणूस एवढे रुंद घासत नाही," ती म्हणाली, "हे धुण्याचेच काम आहे." अभ्यासकांचा वाद एका वाक्यात मिटत नाही हे मला मान्य आहे. तरी दगडाची ती झीज बोटांखाली घेतल्यावर मला तिचेच म्हणणे पटले.

टाक्याला लागूनच शिबंदीचे सामायिक शौचालय आहे. ब्रिटनमधल्या रोमन शौचालयांत इतके सुस्थितीत उरलेले दुसरे क्वचितच सापडेल. लांबट खोलीच्या दोन्ही अंगांना खोल गटार आहे. त्यावर बसण्याच्या फळ्या होत्या, त्या आता नाहीत. मधल्या फरसबंदीवर गटाराला समांतर अशी एक उथळ दगडी नाली कोरलेली आहे. तिच्यातून स्वच्छ पाणी वाहत असे आणि बसलेल्या माणसाला समोरच धुण्यासाठी पाणी मिळत असे. टाक्यांतले जास्तीचे पाणी खालच्या गटारात सोडले की सगळी घाण तटाखालच्या मोरीतून बाहेर, उतारावर निघून जाई. याचा अर्थ असा की आकाशातून पडलेला पाऊस आधी साठवला जाई, मग वापरला जाई आणि शेवटी वाहून नेण्याच्या कामी येई. किल्ल्याचा सर्वांत खालचा कोपरा यासाठी निवडणारा माणूस जमीन नीट वाचणारा होता. रोमन सामर्थ्याची खूण म्हणून लोक इथे भिंतीकडे बोट दाखवतात. मला ती खूण या नालीत अधिक ठसठशीत दिसते. आठशे माणसे वर्षानुवर्षे दोन हेक्टरांत कोंबून राहायची असतील, तर शत्रूच्या आधी रोगराई त्यांना संपवील, हे या लोकांना पक्के ठाऊक होते.

आई बसली होती तेवढ्यात मी वर धान्यकोठारांकडे जाऊन आले. लांबट इमारतीच्या आत ठेंगण्या दगडी खांबांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खांब म्हणजे तुटलेल्या स्तंभांची बुडखे वाटतात, पण त्यांची उंची पहिल्यापासून एवढीच होती. त्यांच्यावर लाकडी जमीन टाकलेली असे, बाहेरच्या भिंतींत झरोके ठेवलेले असत आणि जमिनीखालून वारा खेळता राहिल्याने धान्याला ओल धरत नसे. सततच्या पावसाच्या या मुलखात धान्य कोरडे ठेवणे ही लढाईइतकीच गंभीर बाब होती. माणशी रोज साधारण एक किलो धान्य धरले, तर आठशे जणांना वर्षाला जवळजवळ तीनशे टन धान्य लागते. पहिल्या शतकात ब्रिटनचा सुभेदार असलेल्या ॲग्रिकोलाविषयी लिहिताना रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे की त्याच्या किल्ल्यांत वर्षभर पुरेल एवढा साठा ठेवलेला असे. शेजारच्या सेनाकचेरीच्या मागच्या एका खोलीत 1898च्या उत्खननात आठशेहून अधिक बाणाग्रे सापडली. ती संख्याही मोठी आहे. पण तीनशे टनांचा आकडा मनात धरून त्या ठेंगण्या खांबांमधून चालताना मला किल्ल्याचे वजन खऱ्या अर्थाने कळले. हे धान्य कुणीतरी पिकवत होते, कुणीतरी कर म्हणून देत होते, कुणीतरी गाड्यांतून इथवर ओढत आणत होते. पूर्व दरवाजाच्या उंबरठ्यावर चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात.

इथे राहणारे सैनिक रोमचे नव्हते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भिंत बांधली ती रोमन नागरिकांच्या तीन लीजनांनी, म्हणजे मोठ्या सैन्यदलांनी. तिच्यावर पहारा ठेवणारी पथके मात्र साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून भरती केलेली होती. हाउसस्टेड्सवर दीर्घकाळ राहिलेले पथक तुंग्री लोकांचे होते. आजच्या बेल्जियममधल्या टोंगरन शहराच्या आसपासचा हा समाज. इसवी सन 83च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये झालेल्या मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत ॲग्रिकोलाच्या बाजूने तुंग्रींच्या दोन तुकड्या लढल्या, असे टॅसिटस सांगतो. त्यानंतर काही वर्षांनी पहिले तुंग्री पथक इथून तीनेक किलोमीटरवर असलेल्या विंडोलांडाच्या किल्ल्यात होते. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली कागदपत्रे टिकून राहिली आणि 1973पासून ती सापडू लागली. त्यांत या पथकाचा एक हजेरीपट आहे.

तो हजेरीपट 18 मेचा आहे. पटावर एकूण 752 माणसे, त्यांपैकी 456 बाहेरगावी. त्यांतले 337 कोरिया, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला, आणि 46 सुभेदाराच्या अंगरक्षकांत. हजर 296. हजर असलेल्यांतले 31 कामाला नालायक: 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. मी हे आकडे आईला वाचून दाखवले तेव्हा ती डोळे आलेल्या दहा जणांवरच थांबली. धुराने भरलेल्या खोलीत आठ-आठ माणसे झोपत असतील तर डोळे येणारच, असे ती म्हणाली. बराकीच्या खोल्या समोरच होत्या आणि तिचे म्हणणे तपासून पाहायला दोन पावलेच टाकावी लागली. ऐंशी जणांच्या तुकडीला एक लांब बराक, तिच्यात आठ जणांमागे दोन छोट्या खोल्यांची एक जागा, आणि टोकाला तुकडीच्या नायकासाठी अधिक प्रशस्त निवास, अशी ही रचना असे. अशा दहा तुकड्या मिळून हे पथक होत असे. एका खोलीच्या जोत्यावर मी हात पसरून उभी राहिले आणि तिथे आठ माणसे, त्यांची अंथरुणे, ढाली आणि ओली कापडे यांची कल्पना करू लागले, तेव्हा दहा हा आकडा मला कमीच वाटला.

तुंग्रींच्या जोडीला तिसऱ्या शतकात जर्मनिक लोकही इथे आले. तसे सांगणाऱ्या वेदी 1883मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी सापडल्या. मार्स थिंक्सस हा देव आणि त्याच्यासोबतच्या अलैसियागे नावाच्या देवता यांना त्या वाहिलेल्या आहेत. युद्धदेवाचे नाव रोमन, त्याला जोडलेले विशेषण नेदरलँड्सच्या बाजूचे, लिपी लॅटिन आणि दगड नॉर्थंबरलँडचा. घरापासून एवढ्या लांब आलेल्या माणसाने आपला देव असा दुसऱ्याच्या नावात ठेवून सोबत आणावा, याचे मला फार अप्रूप वाटते. इथल्याच वस्तीत सापडलेल्या आणखी एका शिल्पात तीन ठेंगण्या आकृती शेजारीशेजारी उभ्या आहेत. तिघांनीही डोक्यावर टोपरे असलेले जाड झगे पांघरले आहेत आणि ते झगे पार घोट्यांपर्यंत आले आहेत. हे स्थानिक देव आहेत, आणि त्यांचा वेश थंडीवाऱ्यात काम करणाऱ्या माणसाचा आहे. ब्रिटनचा लोकरी झगा साम्राज्यभर नावाजलेला होता. सम्राट डायोक्लिशनने 301मध्ये काढलेल्या दरपत्रकात त्याचा दर नोंदवलेला आहे. त्या दिवशी वारा इतका बोचरा होता की या देवांविषयी मला वेगळी आत्मीयता वाटली.

दक्षिण दरवाजाबाहेर उतारावर नागरी वस्तीच्या पायांचे दगड दिसतात. सैनिकांना नोकरीत असताना कायदेशीर लग्न करण्याची मनाई होती. ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात उठली. परंतु पंचवीस वर्षांची नोकरी करणारी माणसे कायद्यासाठी थांबून राहत नाहीत. किल्ल्याला खेटून बायकामुले, व्यापारी, दारूची दुकाने, कारागीर यांची वस्ती उभी राहिली आणि रस्त्याकडे अरुंद तोंड करून असलेल्या लांबट घरांची रांग लागली. यांतल्याच एका घरात 1930च्या दशकात उत्खनन करताना मागच्या खोलीतल्या मातीच्या जमिनीखाली दोन सांगाडे मिळाले. एकाच्या बरगड्यांत सुरीचे टोक मोडून अडकलेले होते. दुसरा बहुधा स्त्रीचा असावा. रोमन कायद्याने वस्तीच्या आत प्रेत पुरायला बंदी होती, त्यामुळे हे दफन लपूनछपूनच झाले असणार. घरात येणारी-जाणारी माणसे त्या जमिनीवरून चालत राहिली आणि खून सुमारे सोळाशे वर्षे पचला. हे ऐकल्यावर आईने त्या जोत्याकडे पाहिले आणि काही न बोलता चालायला लागली.

दरवाजांविषयी थोडे लिहायलाच हवे. पश्चिम दरवाजा सर्वांत चांगला टिकला आहे. दोन कमानींचा हा दरवाजा असून दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. अडसर सरकवण्यासाठी भिंतीत कोरलेली भोके तिथे अजून दिसतात. पुढच्या काळात अशा जोडदरवाजांतली एकेक कमान चिणून बंद केली गेली. इतकी मोठी वाट उघडी ठेवण्याची गरज उरली नव्हती, किंवा तेवढा पहारा परवडत नव्हता. याउलट पूर्वेला, नॅग बर्नच्या घळीत, भिंतीतून आरपार जाणारी एक वेगळी वाट नंतर काढण्यात आली. तिला पुढे आणि मागे असे दोन दरवाजे आहेत. माणसाला किंवा गुरांना आत घ्यायचे, पुढचा दरवाजा लावायचा, तपासणी करायची आणि मग मागचा उघडायचा. भिंत म्हणजे माणसे अडवण्याची जागा, अशी आपली समजूत असते. ही वाट पाहिली की कळते, येथे येजा चालू होती, फक्त ती मोजून आणि तपासून होत होती.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली. त्यानंतरच्या दीर्घ काळाची हकिगत मी थोडक्यात सांगते, कारण मधल्या अनेक शतकांचे इथे दाखवण्यासारखे फारसे उरलेले नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत हा सगळा सरहद्दीचा भाग गुरे पळवणाऱ्या टोळ्यांच्या ताब्यात होता. विल्यम कॅम्डेन हा नामवंत अभ्यासक 1599मध्ये भिंत पाहायला आला, पण या टोळ्यांच्या भीतीने त्याने हा टप्पा टाळला. दक्षिण दरवाजाला चिकटून त्या काळातल्या एका जाड भिंतींच्या घराचे अवशेष आहेत. खाली गुरे आणि वर माणसे अशी त्या घरांची रीत असे. रोमन देवडी एका अंगाला तयारच होती, तिचा उपयोग करून घेण्यात आला. अठराव्या शतकाच्या मध्याला लष्करी रस्ता बांधताना पूर्वेकडच्या कित्येक मैलांची भिंत मोडून तिचे दगड रस्त्याच्या भरावात घातले गेले. हाउसस्टेड्सच्या नशिबाने रस्ता इथे भिंतीपासून दक्षिणेला दूरवरून गेला. 1838मध्ये न्यूकॅसलचे टाउन क्लार्क, म्हणजे नगर प्रशासनातले मुख्य अधिकारी, जॉन क्लेटन यांनी ही जमीन विकत घेतली. भिंतीचे दगड शेतकरी उचलून नेतात हे पाहून त्यांनी एकामागोमाग एक शेते खरेदी केली, उत्खनने करवली आणि पडलेले दगड पुन्हा रचून घेतले. आज आपण या भागात भिंत म्हणून जे पाहतो, त्यातला बराचसा भाग त्यांच्या माणसांनी रचलेला आहे आणि जाणकारांना तो ओळखू येतो. काटेकोर पुरातत्त्वाला ती पद्धत आता मान्य होणार नाही. तरी त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, कारण त्यांनी जमीन घेतली नसती तर टाक्याच्या त्या फळ्या कुठल्यातरी गोठ्याच्या भिंतीत गेल्या असत्या. सध्या जागेची मालकी नॅशनल ट्रस्टकडे आणि देखभाल इंग्लिश हेरिटेजकडे, अशा वारसा जपणाऱ्या दोन संस्थांकडे आहे.

परतताना आम्ही पुन्हा आग्नेय कोपऱ्यावरून गेलो. एव्हाना पाऊस सुरू झाला होता आणि बाकीची मंडळी टोप्या सावरत खालच्या वाटेला लागली होती. शौचालयाच्या फरशीवरची ती उथळ नाली भरली होती, आणि पाणी तिच्यातून हळूहळू पुढे सरकत होते. छपरे नाहीत, पन्हळी तुटलेल्या आहेत, तरी उतार तोच आहे. आईने छत्री माझ्या हातात दिली, वाकून टाक्याच्या झिजलेल्या काठावरून एकदा हात फिरवला, ओला हात रुमालाला पुसला आणि म्हणाली, "चल, आता वरची भिंत दाखव. गुडघ्याचे पाहू."